जहाजावरील मालाची बांधणी

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांतील वैराग हें बाजारपेठेचें गांव समुद्रापासून फार दूर आहे. परंतु दर्यावरील मालाच्या सुरक्षिततेचें मूळ तत्त्व तेथील गाडीवानासही नवें नव्हतें. ज्वारीचीं पोतीं लादतांना ओझें मागें पडलें तर गाडी उलाळ होते, एका अंगास गेलें तर ती कलंडते, हें तो जाणून असे. म्हणून तो आधीं ओझें सारखें करी व मगच दोर आवळी. जहाजावरही हाच नियम आहे; मात्र तेथें रस्ताच हलत असतो.

जहाज डाव्या-उजव्या अंगांवर झुलतें, त्याची नाळ व पिछाडी आळीपाळीनें उचलली जाते, आणि सबंध जहाज लाटेबरोबर वरखालीं होतें. मालभरणीच्या २०१४ सालच्या आंतरराष्ट्रीय संहितेंत सडकेवरील आडवा रेटा मालाच्या वजनाच्या निम्मा धरला आहे. खवळलेल्या समुद्रांत तोच दहांपैकीं आठ भागांपर्यंत धरावा लागतो. म्हणजे १,००० किलोंच्या नगावर ८०० किलोंचा रेटा, आणि तोही आलटून पालटून दोन्ही बाजूंनीं! केवळ जडपणामुळें वस्तु जागीं राहील, ही समजूत येथें फोल ठरते. नगांमधील पोकळी लांकडानें किंवा हवा भरलेल्या पिशव्यांनीं बुजवावी लागते, खालीं रबरी पट्ट्या घालाव्या लागतात, आणि मग पट्टे ताणावे लागतात. सुटें धान्य तर याहून फसवें. अर्धवट भरलेल्या कोठारांत तें एका बाजूस घसरलें कीं परत येत नाहीं, व जहाज तसेंच कललेलें राहतें.

आतां बहुतेक तयार माल पोलादी कंटेनरांतून जातो. डेकवर कंटेनरांची एकावर एक उतरंड रचतात. कोपऱ्यांत फिरकीचीं कुलुपें बसवितात आणि तिरप्या कांबी ताणून ती आवळतात. जड पेटी खालीं व हलकी वर, हा साधा दंडक. पण तो कागदावरील वजनावर विसंबून पाळला जातो. २००७ सालीं इंग्लिश खाडींत एम्. एस्. सी. नेपोली या जहाजास अपघात झाला. तपासांत त्याच्या डेकवरील सुमारें ६६० कंटेनर तोलले, तेव्हां दर पांचांतील एकाच्या वजनांत तीन टनांहून अधिक तफावत निघाली. १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजनावांचून कंटेनर जहाजावर चढवूं नये, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला.

कंटेनर सुटला कीं त्याचा उपद्रव एका व्यापाऱ्यापुरता राहत नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं एम्. एस्. सी. चित्रा व खलीजिया या जहाजांची टक्कर झाली. तेथें दोष बांधणीचा नव्हता. चित्रा इतकें कलंडलें कीं कोणतीही बांधणी टिकती ना. शेकडों कंटेनर पाण्यांत पडले. कांहींत कीटकनाशकें होतीं. मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. समुद्रावर तरंगणारी पेटी घाटावरच्या गिरणीचाही माल अडवूं शकते, तो अशा रीतीनें.

विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. जहाजावरील अधिकारी पेटी बाहेरून बांधतो. मोहोर लागलेली पेटी उघडून तो पाहूं शकत नाहीं. आंतील माल भरणारे हात सोलापूरच्या एकाद्या टॉवेल कारखान्यांतले किंवा देशावरील दुसऱ्या एकाद्या गोदामांतले असतात. गाडीवान स्वतः आपल्या गाडीबरोबर जात असे. ढिला दोर वाटेंत त्याच्या दृष्टीस पडे. कंटेनर भरणारा मनुष्य मात्र त्या पेटीचा प्रवास कधींच पाहत नाहीं. म्हणूनच त्यानें वजन खरें लिहिणें आणि पोकळी न ठेवणें, यावर अनोळखी खलाशांचे प्राण अवलंबून असतात. दर्यावरील मालाची पहिली गांठ बंदरांत नव्हे, देशावर बसते.