जामीनदार नसलेला रुग्ण



  

डॉक्टरांच्या या परिषदेत अध्यक्षाने आपल्या जिल्ह्याच्या आरोग्याचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. लेप्टो दर पावसाळ्यात येतो. माकडतापाने 2016 पासून दोडामार्ग-बांदा पट्ट्यातल्या काजूबागांत ठाण मांडलं आहे. मुलं मुंबईला गेल्यामुळे वाड्यावाड्यांत म्हातारी माणसं एकटी पडली आहेत. यावर जाणकार बोलणारच आहेत, म्हणून आढावा मी इथेच थांबवतो. एक विषय अनेक वर्षं मनात आहे. तो आज या खुर्चीवरून बोललो नाही, तर पुन्हा संधी मिळायची नाही.

विषय तुरुंगाचा आहे. आदिवासी आणि भटके-विमुक्त तुरुंगात जास्त जातात, पैशाअभावी जास्त काळ राहतात आणि तिथला आजार घेऊन वस्तीवर परततात. हे न्यायखात्याचं काम, असं म्हणत आपण डॉक्टर आजवर बाजूला राहिलो. माझं ठाम मत आहे की हे आपलं काम आहे.

2011च्या जनगणनेत अनुसूचित जमाती देशाच्या लोकसंख्येत 8.6 टक्के होत्या. सरकारच्याच 2019च्या तुरुंगविषयक अहवालात शिक्षा झालेल्या कैद्यांत त्यांचं प्रमाण 13.6 टक्के आहे, तर खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांत 10.5 टक्के. 2022च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. चारांतली तीन कच्ची, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेली. शंभरांच्या जागेत 131 जण कोंबलेले. ऑस्ट्रेलियातही असंच चित्र आहे: मूलनिवासी लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्याही आत आहेत, पण तुरुंगातला दर तिसरा माणूस मूलनिवासी आहे. तिथल्या शाही आयोगाने कोठडीतल्या 99 मृत्यूंची एकेक करून चौकशी केली आणि 1991 साली अहवाल दिला. आपल्याकडे कोठडीत मेलेल्या पारध्याचा कागद कुठल्या कपाटात आहे, तेही सापडत नाही.

विमुक्तांची गोष्ट तर आणखी जुनी आहे. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर तीच राहिली. तुरुंगाच्या नियमपुस्तिकांतून जातीवरून कामं वाटण्याचे नियम काढून टाकण्याचा आदेश यायला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी!

आपल्यातले काही मित्र मला म्हणतात, हा प्रश्न गडचिरोलीचा, नंदुरबारचा. आपल्या जिल्ह्यात आदिवासी शेकडा एकाच्याही आत. काल क्षयरोगाच्या सत्रात दुसरा सूर निघाला की औषधाला दाद न देणारा क्षय वाढतो तो रुग्णाच्या अडाणीपणामुळे आणि दारूमुळे. हे लोक गोळ्या मध्येच सोडतात. या दोन्ही मित्रांना मी एका कातकरी रुग्णाची हकिकत सांगतो.

हा माणूस माझ्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या घ्यायचा. इथे कातकऱ्यांना वानरमारे म्हणतात. खाडीकाठी दुसऱ्याच्या जमिनीत त्याची खोपी, काम कोळशाच्या भट्टीवर नाहीतर खेकडे-मासे पकडण्याचं. दोन महिन्यांत त्याचं वजन वाढलं, खोकला थांबला, एकही गोळी चुकली नाही. मग काजूचा हंगाम आला. एका बागेतून बियांची पोती गेली. बागायतदार मला सरळ म्हणाला, "डॉक्टरांनु, बियो गेल्यो की पयली ह्यांचीच खोपी बघूची." पोलिसांनीही तेच केलं. खोपीत काही सापडलं नाही, तरी माणूस आत गेला.

जामीन झाला होता, मित्रहो! न्यायालयाने तो दिला होता. पण जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. ज्या जमातीत बहुतेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या जमातीच्या माणसाने सातबारावाला जामीनदार आणायचा कुठून? 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलं आहे की गरिबाला परवडणार नाही असा जामीन मागू नये, वैयक्तिक जातमुचलक्यावरही सोडता येतं. ते निकालपत्र आमच्या कातकऱ्यापर्यंत पोहोचलं नाही.

त्याचं उपचाराचं कार्ड खोपीच्या कुडात खोचलेलं राहिलं. आत जाताना त्याची तपासणी झाली. रक्तदाब, नाडी, अंगावर जखमा नाहीत. कागदावर 'तंदुरुस्त' असा शेरा पडला. 'कुठलं औषध चालू आहे का,' हा प्रश्न त्या छापील कागदावर नव्हताच. गोळ्या बंद झाल्या. बाहेर आला तेव्हा खोकला परतला होता आणि थुंकीतले जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नव्हते. बराकीत तो ज्यांच्या अंगाला अंग लावून झोपला, ते कोण आणि कुठे गेले, याची नोंद कुणाकडे नाही. त्याच्या धाकट्या मुलीला मानेत गाठी आल्या. घरात मिळवतं कुणी नव्हतं म्हणून बायको पोटुशी असताना भट्टीवर गेली आणि अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली. पुढे तो निर्दोष सुटला.

आता सांगा, गोळ्या कुणी सोडल्या? अडाणीपणा कुणाचा? त्याने दारू प्यायल्याचं मी कधी पाहिलं नाही. आणि जिल्ह्यात आदिवासी थोडे आहेत म्हणून तो जंतू थोडाच थांबणार आहे? तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, क्षयाला अडवत नाही. बराकीतला शिपाई संध्याकाळी कुडाळला घरी जातो.

तिसरा आक्षेपही मी ऐकला आहे, की आत निदान दोन वेळचं जेवण आणि फुकट औषध तरी मिळतं. त्याला उत्तर म्हणून फादर स्टॅन स्वामींचं उदाहरण घ्या. त्यांनी झारखंडातल्या कच्च्या आदिवासी कैद्यांसाठी काम केलं. पुढे ते स्वतः कच्चे कैदी म्हणून तळोज्याच्या तुरुंगात आले. पार्किन्सनमुळे पेला हातात ठरत नव्हता, म्हणून नळी असलेल्या पेल्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, 84व्या वर्षी, खटला उभा राहण्याआधीच ते गेले. हात थरथरणाऱ्या रुग्णाला नळी हवी, हे सांगायला न्यायाधीश कशाला लागतो? तिथला डॉक्टर पुरेसा असायला हवा.

कायद्याने दारं थोडी उघडली आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 479व्या कलमात, गंभीर गुन्हे वगळता, पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे. अंमलबजावणीसाठी कुणीतरी मागे लागावं लागतं. आपणच का मागे लागू नये?

या परिषदेने एक समिती नेमावी, तुरुंगातल्या तपासणीचा नवा नमुना तयार करावा, विधी सेवा प्राधिकरणाशी बोलावं. तपशील आपण नंतर ठरवू. पण एक गोष्ट समितीशिवायही होते. उद्या पोलीस एखाद्या कातकऱ्याला, पारध्याला तुमच्यासमोर उभा करतील. 'तंदुरुस्त' लिहिण्याआधी त्याला खाली बसवा, कुठली गोळी चालू आहे ते विचारा, घरी कोण आजारी आहे ते विचारा, आणि उत्तर त्याच कागदावर लिहून खाली स्वतःची सही करा. ती सही नाकारायचा अधिकार कुठल्याही ठाणेदाराला नाही.