पावसाची सुट्टी आणि घरची शाळा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक आताच झाले. आम्ही आज, दिसण्यात लहान पण घरोघरी जाणवणाऱ्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहो. पावसाने शाळा बंद राहिली असता मुलांच्या अभ्यासाचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय.

मुंबईचा पाऊस आपणांस नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कित्येक मुलांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. त्या दिवसाचे स्मरण असलेला कोणताही पालक अतिवृष्टीच्या इशाऱ्यावरून शाळांना सुट्टी दिली म्हणून कुरकुर करणार नाही. ८ जुलै २०२४ रोजी आणि पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ रोजी अशीच सुट्टी द्यावी लागली. ते योग्यच झाले. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरविले आहे. एखाददुसरा दिवस गेल्याने आकाश कोसळत नाही. पण अभ्यासाचा तुटलेला धागा पुन्हा जुळविण्यास वेळ लागतो, हे शिक्षक जाणतात.

यावर सांप्रत एक उपाय सर्वत्र सुचविला जातो. शाळा बंद, तर मोबाइलवरून वर्ग भरवावा. उपाय चांगला आहे; पण तो वाटतो तितका सोपा नाही. न्यूयॉर्क शहरात १३ फेब्रुवारी २०२४ रोजी हिमवर्षावामुळे शाळांच्या इमारती बंद ठेवून सुमारे ९ लाख विद्यार्थ्यांना घरून शिकविण्याचे ठरले. सकाळी सर्वांनी एकदम प्रवेश करण्याचा यत्न केला आणि अनेकांस वर्गाचे दारच उघडेना. इतक्या संपन्न नगरीची ही कथा! आपल्याकडे तर पाणी भरले की पुष्कळदा वीजही जाते.

परंतु यंत्रापेक्षाही मोठी अडचण आहे. ती आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो, म्हणून सांगतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात आपल्या ज्ञातीतील दहा-बारा मुलांना आम्ही सायंकाळी मोबाइलवरून गणित शिकवीत होतो. आठवीतील एक मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली. आम्ही तिला सर्वांदेखत आळशी म्हटले. पुढे कळले की त्या घरी मोबाइल एकच होता. वडील तो कामावर नेत. ते रात्री परतले की पहिला हक्क दहावीतील भावाचा. ती मुलगी शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून आमची उदाहरणे उतरवून घेऊन सोडवीत होती. ती वही पाहिली तेव्हा आम्हांस मान वर करवेना. आळशी ती नव्हती. चौकशीचा आळस आम्ही केला होता.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की पावसाळी दिवसाचा अभ्यास ज्ञातीतील सर्वांत अडचणीतल्या घरच्या मुलास मिळेल असा असावा. नसेल, तर त्यापेक्षा सर्वांनाच सुट्टी बरी. कारण अर्ध्यांचा वर्ग भरवून आपण उरलेल्या अर्ध्यांना मागे टाकतो, आणि त्यांत मुलींची संख्या अधिक असते.

हे कसे साधावे? पहिली गोष्ट, ज्या घरांत वापरात नसलेले पण चालू स्थितीतील मोबाइल पडून आहेत, त्यांनी ते मे महिन्यात मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. मंडळाने ते दुरुस्त करून गरजू घरी पोचवावे आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचा रिचार्ज शिष्यवृत्ती निधीतून करावा. दुसरी, हवामान खात्याचा नारिंगी वा लाल इशारा येताच रात्रीच मोबाइल चार्ज करून पाठ उतरवून ठेवावेत. दीक्षा या शासकीय व्यासपीठावर पाठ आहेत, बालभारतीची पुस्तकेही विनामूल्य मिळतात. तिसरी, एका चाळीतील वा इमारतीतील मुलांनी एका घरी एकत्र बसावे. पावसात कोणी रस्त्यावर येऊ नये. चौथी, वीज गेली तरी चालेल असा चार उदाहरणांचा आणि एका उताऱ्याचा कागद प्रत्येक मुलाच्या दप्तरात जूनपासूनच असावा. आणि ज्या घरात पाणी शिरले आहे, त्या घरच्या मुलास त्या दिवशी अभ्यास विचारू नये. त्याने आईस भांडी उचलू लागावे, हाच त्याचा त्या दिवसाचा धडा.

आपल्या पूर्वजांनी ज्ञातीच्या मुलांसाठी मूठमूठ वर्गणी गोळा करून हा निधी उभारला. तेव्हा गरज पुस्तकांची आणि फीची होती. आज तीत मोबाइलची भर पडली आहे. साधन बदलले, कर्तव्य बदललेले नाही. येत्या मे महिन्यात प्रत्येक घराने आपले कपाट एकदा उघडून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.