फ्लाइंग क्लबचा जमाखर्च
(जोहे येथील युवक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्याच रायगड जिल्ह्यात उलवे येथे नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जोहे-हमरापूरच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून आता विमानांच्या गोष्टी निघत असल्यास नवल नाही. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखवते आणि कर्ज काढून फ्लाइंग क्लबात नाव घालावे काय, हा प्रश्न घरात उभा राहतो.

फ्लाइंग क्लब ही मुळात हौशी मंडळींची संस्था. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहू येथे सुरू झाला. तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण आता धुळ्याला चालते आणि येणाऱ्या बहुतेकांचे लक्ष नोकरीवर असते.

सभासदत्वाची वर्गणी हा खर्चाचा लहानसा भाग होय. खरा खर्च उड्डाणाच्या तासांचा. खासगी परवान्यास किमान ४० तास लागतात. त्या परवान्यावर विमान चालविता येते, मोबदला मात्र घेता येत नाही. व्यावसायिक परवान्यास २०० तास हवेत, आणि तो खर्च आज चाळीस-पन्नास लाख रुपयांच्या घरात, कित्येकदा त्याहूनही वर जातो. पुढे मोठ्या विमानाचे ‘टाइप रेटिंग’ हे वेगळेच प्रशिक्षण. त्याचा भारही पुष्कळदा उमेदवारावर पडतो. पावसाळ्यात ढगांमुळे उड्डाणे रखडतात, शिक्षण लांबते आणि परगावी राहण्याचा खर्च वाढतो. मूर्तींचे पैसे बहुतांशी गणेशोत्सवाच्या सुमारास हाती येतात. बँकेचा हप्ता दरमहा येतो. नोकरी मिळेपर्यंत व्याजही थांबत नाही.

लाभ नाही असे नव्हे. नोकरी लागली तर वेतन उत्तम असते. शिक्षकाने विमानातून उतरून विद्यार्थ्यास प्रथमच एकट्याने पाठविले, की त्याच्या अंगी जी जबाबदारी येते तिचा हिशेब रुपयांत होत नाही.

तेव्हा पहिला रुपया भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आधी द्वितीय वर्गाची आणि व्यावसायिक परवान्यासाठी प्रथम वर्गाची. चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असेल तर अडचण नाही. रंगांधत्व मात्र आडवे येते. मूर्ती रंगविणाऱ्या घरांना रंगाच्या नजरेचे मोल सांगायला नको. फी भरून झाल्यावर हा दोष कळलेली घरे फार पस्तावतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता पाहावी, पैसे एकरकमी न भरता हप्त्यांनी भरावेत आणि परताव्याच्या अटी लेखी घ्याव्यात.

दुसरी वाट हवाई दलाची. तेथे शिक्षणाचा खर्च शासन करते, निवड मात्र कठीण असते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर येथे मुलांसाठी आहे. प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो.

तरीही क्लबच निवडायचा असेल, तर कारखाना गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी मुलासह एक दिवस तेथे जावे. किती विमाने उडत आहेत व किती नुसतीच उभी आहेत ते मोजावे आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती तास मिळाले, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे.