किडनीची जुनी फाइल

 

आम्ही काही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेली माणसं. पण बाजव्याहून नडियाद जवळ, तिथलं १९७८ साली सुरू झालेलं मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल आपल्या सगळ्यांना माहीत, आणि किडनीचं ऑपरेशन झालेली माणसंही आपल्यात असतात. त्यातल्या ज्यांची किडनी कॅन्सरमुळे काढली, त्यांच्यासाठी आज बोलतो.

ऑपरेशननंतर चार-पाच वर्षं स्कॅन स्वच्छ आले की घरचे निर्धास्त होतात. गाठ लहान असतानाच निघाली असेल, तर बहुतेकांना पुढे त्रास होतही नाही. पण काहींना हा आजार दहा-पंधरा, क्वचित वीस वर्षांनी परत गाठतो. फुप्फुस, हाडं, यकृत, मेंदू या त्याच्या नेहमीच्या जागा. त्याशिवाय तो थायरॉइड, स्वादुपिंड, पित्ताशय, अगदी नाकातसुद्धा निघतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांतून जातो. त्या रक्ताबरोबर गेलेली पेशी दूर कुठेतरी वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकते.

आता बघा, गळ्याला गाठ आली की आपण म्हणतो थायरॉइड. नाकातून रक्त आलं की म्हणतो, उन्हाळा बाधला. डॉक्टर विचारतात, आधी काही आजार? आपण बीपी सांगतो, शुगर सांगतो. बारा वर्षांपूर्वीची किडनी सांगायची राहून जाते.

स्वादुपिंडात गाठ म्हटलं की घर हादरतं, आणि तिथल्याच मूळ कॅन्सरबद्दल ती भीती खरी आहे. पण किडनीतून तिथे गेलेली गाठ बहुधा सावकाश वाढते. काही वेळा ती काढता येते. गोळ्या किंवा इम्युनोथेरपीवर काही रुग्ण बरीच वर्षं चांगले राहतात. दोन्हींची औषधं वेगळी. म्हणून बायोप्सी करताना जुना इतिहास डॉक्टरांपुढे हवा. जुनी स्लाइड मिळाली तर पॅथॉलॉजिस्टला ताडून पाहता येते.

कचेरीत मुदत संपलेल्या फाइली आम्ही नियमाने रद्दीत काढतो. घरी मात्र हा नियम लावू नका, दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा नाही! हॉस्पिटल कागद कायम जपेलच असं नाही. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट यांचे फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही असू द्या. पाच वर्षांनंतर तपासणी किती दिवसांनी करायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून त्याच फाइलवर लिहून ठेवा.

कुणाला फाइल लावायला मदत हवी असेल, तर आरतीनंतर आम्ही मंडपातच आहोत.