दांडा बदलतांना

सह्याद्रीच्या घाटमाथ्यास लागून असलेल्या शाहूवाडी तालुक्यांत पाऊस तोंडावर आला म्हणजे घरोघर हत्यारें दुरुस्त करण्याची घाई सुरू होते. कोठें कोयत्याची मूठ सैल झालेली असते, तर कोठें कुऱ्हाडीचा दांडा तडकलेला असतो. अशा वेळीं जाणता शेतकरी धामणीचें सरळ लाकूड शोधतो. धामण चिवट आणि लवचिक. पूर्वीं तिचीं धनुष्यें होत, कावडीच्या काठ्याही होत. तें लाकूड वाळवून, तासून, तो नेढ्यांत बसवितो, पाचर मारतो, आणि मग कुऱ्हाड हातीं घेऊन दोनचार वेळां हवेंत फिरवून पाहतो. वजन हातास पटलें तरच ती कामास लागते. पातें तेंच असतें. परंतु दांडा बदलला कीं हत्याराचा स्वभाव बदलतो, हें त्यास ठाऊक असतें.

हाच प्रश्न गोल्फच्या खेळांत मोठ्या खर्चाचा आणि वादाचा होऊन बसला आहे. हा खेळ आपल्या देशास नवा नव्हे. कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं गोल्फचे क्लब निघाले. आज लष्कराच्या अनेक छावण्यांतून त्याचीं मैदानें आहेत, आणि सैन्यांत हयात घालविलेल्या कित्येकांना निवृत्तीनंतरही त्याचा नाद सुटत नाहीं.

नियमाप्रमाणें खेळाडूस जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगतां येतात. त्यांपैकीं ज्यांचें डोकें धातूचें, चपटें व तिरकें असतें, त्यांस 'आयर्न' म्हणतात. या काठ्यांचा दांडा एके काळीं अमेरिकेतील हिकरी नांवाच्या झाडाचा असे. पोलादी दांडे आले तेव्हां जुन्या मंडळींनीं नाकें मुरडलीं. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथील मुख्य संस्थेनें १९२९ सालीं त्यांस परवानगी दिली. पुढच्याच वर्षीं बॉबी जोन्स यानें हिकरीच्याच काठ्यांनीं एका वर्षांत चार मोठीं अजिंक्यपदें मिळविलीं. परंतु १९३१ सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा बिली बर्क यानें पोलादी दांड्यांनीं जिंकली, आणि लाकडाचा जमाना सरला.

पोलादानंतर ग्राफाइट आलें. शिसपेन्सिलींतील ग्राफाइटची कांडी दाबतांच मोडते. येथें त्या नांवानें ओळखला जातो तो कार्बनचा तंतू. एडिसननें १८८० च्या सुमारास बांबूचा तंतू जाळून त्याचा कोळसा केला व विजेच्या दिव्यांत बसविला. तो तंतू नाजूक होता. पुढें विसाव्या शतकांत रासायनिक धाग्यांपासून अतिशय बळकट कार्बनतंतू तयार झाले. अशा तंतूंचीं पानें राळेसारख्या द्रव्यांत भिजवून लोखंडी सळईवर गुंडाळतात, भट्टींत पक्कीं करतात आणि सळई काढून घेतात. उरते ती हलकी, पोकळ नळी, वेळूच्या पेरासारखी. १९७० च्या आगेमागें असे दांडे खेळांत आले.

आयर्नचा पोलादी दांडा सामान्यतः ९५ ते १३० ग्रॅम भरतो. ग्राफाइटचे बरेच दांडे ५० ते ९० ग्रॅमच्या दरम्यान असतात. दांडा हलका झाला कीं वृद्ध माणसास तेवढ्याच बळांत काठी अधिक वेगानें फिरवितां येते. शिवाय चेंडू डोक्याच्या मध्यावर न बसतां कडेला बसला, तर पोलादांतून जो झणका कोपरापर्यंत जातो, तो ग्राफाइट बऱ्याच अंशीं पचवून टाकतें.

मग साठी उलटलेल्या खेळाडूनें सगळ्या काठ्या आजच बदलाव्या काय? येथें दोन प्रकारचीं माणसें फसतात. पहिला म्हणतो, "पोलाद सोडणें म्हणजे म्हातारपण कबूल करणें." तो दुखऱ्या कोपरानें खेळत राहतो, आणि एके दिवशीं खेळच सोडून देतो. दुसरा म्हणतो, "महाग आहे, म्हणजे उत्तम असलें पाहिजे." तो सारा संच बदलतो आणि चेंडू कुठल्या कुठें जाऊं लागला म्हणून कपाळावर हात मारून घेतो. एकाचा अभिमान आड येतो, दुसऱ्याची हौस.

वास्तविक, हलका दांडा घातला कीं काठीचा तोल बदलतो. डोक्याचा भार हातास जाणवेनासा होतो आणि फटक्याची लय चुकते. जाणता कारागीर म्हणूनच डोक्यांत थोडें वजन घालतो किंवा दांडा किंचित् लांब ठेवतो. दांड्याचा ताठपणाही मनगटाच्या वेगाशीं जुळावा लागतो. फार लवचिक दांडा जोरकस खेळाडूस दगा देतो, फार ताठ दांडा वृद्धास साथ देत नाहीं. ग्राफाइटमध्येंही जड दांडे मिळतात. तेव्हां केवळ नांवावरून निवड करणें व्यर्थ होय.

याकरितां आधीं एकच काठी, बहुधा सात क्रमांकाची आयर्न, बदलून घ्यावी. जुनी व नवी आलटूनपालटून वीसवीस चेंडू मारावे. सर्वांत लांब गेलेला चेंडू मोजूं नये. वीसांपैकीं किती योजल्या ठिकाणाजवळ पडले तें मोजावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोपर काय म्हणतें तेंही ऐकावें. दुखणें जुनें असेल तर प्रथम वैद्याकडे जावें. झणका कमी झाला तरी चुकीच्या फटक्यानें ओढलेला स्नायू दांडा बदलून बरा होत नाहीं.

दुखरें कोपर घेऊनही ज्यास आणखी दहा वर्षें मैदानावर चालावयाचें आहे, त्यानें पोलाद सोडण्यांत कमीपणा मानूं नये. आणि ज्याचा हात अजून निरोगी आहे, त्यानें शेजाऱ्याचें पाहून तें टाकूं नये. शाहूवाडीचा शेतकरी नवी कुऱ्हाड लाकडावर घालण्यापूर्वीं हवेंत फिरवून पाहतो. महागडी काठी घेणारानेंही तेवढा धीर धरावा.