न आलेल्या रुग्णांविषयी

आजपासून नावामागे डॉक्टर लावणाऱ्या मुलामुलींनो,

अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं जरा जास्त. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'मार्गदर्शन' छापलंय, ते मनावर घेऊ नका. मी आयुष्यभर ओपीडीत बसलेला फिजिशियन आहे. बोलायला लागलो की ओपीडीवरच येतो.

आमच्या उमेदीच्या काळात मान होता तो वॉर्डाला. सरांचा राऊंड निघाला की मागं दहा-बारा एप्रन. ओपीडी म्हणजे ज्याच्यावर सर नाराज, त्याची बदली. मी मिरजेत होतो, तिथं केस पेपरची खिडकी उघडायच्या आधीच रांग लागलेली असायची. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलीकडून अथणी आणि चिकोडी. निम्मी माणसं कानडी बोलणारी. केस पेपर, नाडी, दोन मिनिटं, आठ दिवसांच्या गोळ्या, "पुढच्या सोमवारी या." काही यायचे. बाकीच्यांचं काय झालं, हे आमच्या एका वरिष्ठांना मी विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं, "नाही आला म्हणजे बरा झाला."

हेच गृहस्थ पुढं एका परिषदेत एका औषधाचे निष्कर्ष वाचत होते. बहुतेक रुग्णांना उत्तम गुण. टाळ्या. मी मागून उठून विचारलं, "सर, परत किती आले नाहीत?" अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, चहा तयार आहे. चहा चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. पण आपल्या धंद्याबद्दल माझं जे गाऱ्हाणं आहे, ते त्या दिवसापासूनचं.

असं विचारणारा मी काही पहिला नव्हे. बोस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शल्यविशारद होते. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचं, वर्षभरानं त्याला गाठायचं, उपचाराचा शेवटी काय निकाल लागला ते लिहायचं आणि नसेल लागला चांगला, तर का नाही तेही लिहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. सहकाऱ्यांना ते पटेना. १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी भर सभेत शहरातल्या डॉक्टरांवर व्यंगचित्र दाखवलं आणि हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला, त्यात १२३ चुका स्वतःहून नोंदवल्या. आपल्याकडे असा हिशेब छापलेला मी अजून पाहिलेला नाही. रुग्णालयांची माहितीपत्रकं मात्र फार देखणी निघतात.

आम्ही मिरजेत जोडकार्डं पाठवायचो. तुमच्यातल्या कुणी जोडकार्ड पाहिलं नसेल. दोन पोस्टकार्डं एकमेकांना चिकटलेली, एकावर आमचा मजकूर, दुसरं कोरं, आमचा पत्ता घातलेलं. साधं कार्ड तेव्हा १५ पैशांना होतं. समाजसेविकाबाई मराठीत लिहायच्या, एक शिपाई कानडीत. उत्तरं बहुधा शाळकरी पोरांच्या अक्षरात. एकानं लिहिलं होतं, "आजीला बरे आहे. खोकला तसाच आहे. गोळ्या म्हशीच्या गोठ्यात ठेवल्या होत्या त्या भिजल्या." एवढ्या मजकुरात मला जे कळलं, ते दोन मिनिटांच्या तपासणीत कळलं नसतं. कागदपत्र तपासणाऱ्या एका साहेबांनी मग टपालखर्चावर आक्षेप घेतला. शेरा मला तोंडपाठ आहे: "रुग्ण बरा झाला असल्यास पत्राचे प्रयोजन नाही, नसल्यास तो स्वतः येईलच." कार्डं बंद झाली.

रुग्ण नजरेआडच होत नसे, असाही एक काळ होता. सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. विल्यम वानलेसांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय काढलं, त्यांच्या नावाची ही वाडी. इथं क्षयाचं सॅनटोरियम होतं. रुग्ण महिनोन् महिने समोर कॉटवर. त्याचं काय होतंय ते डॉक्टरच्या डोळ्यांपुढं. मग १९५६ साली मद्रासला एक अभ्यास सुरू झाला, १९५९ मध्ये छापून आला. १९३ रुग्ण, काही सॅनटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या गरीब वस्त्यांतल्या घरी. औषधं दोन्हीकडं तीच. घरचे जवळजवळ तितकेच बरे झाले. जगभरची सॅनटोरियमं रिकामी होण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. मात्र त्या घरच्या रुग्णांकडं माणसं जात होती. न कळवता जायची, गोळ्या मोजायची, लघवी तपासायची, घरातल्या बाकीच्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवायची. आपण त्यातलं 'घरी पाठवा' तेवढं उचललं.

आता तुमच्या हातात फोन आहे, आणि मला त्याचा हेवा वाटतो. जोडकार्डाला पंधरवडा लागायचा, तुमचं यंत्र आपोआप फोन लावून रात्रीत हजार जणांना विचारून मोकळं होतं. सातारा जिल्ह्यात फोनवरून असा पाठपुरावा झालेला मी पाहिलाय. २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे. महाराष्ट्रातले चार: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. उपचार ठरलेला, पहिली गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याचं औषध एकदम. 'सिंपल' नावाचं अ‍ॅप. तारीख टळलेल्या रुग्णांची यादी ते आपोआप काढतं, सिस्टर फोन लावते, आणि यादीतून नाव काढायचं तर कारण द्यावं लागतं. मला सगळ्यात आवडला तो त्यांचा हिशेब. किती जणांचा दाब आटोक्यात आला हे मोजताना न आलेला रुग्ण अंशात धरत नाहीत, पण छेदातून काढतही नाहीत. आमच्या परिषदेत हा नियम असता तर चहा लवकर झाला असता.

माण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी सिस्टरशेजारी बसलो होतो. तिनं एका आजोबांना विचारलं, गोळ्या न्यायला का नाही आला? "आवं, हायत्या की अजून." महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरल्या कशा? "डोकं गरगारलं की घेतो." रेकॉर्ड केलेल्या आवाजानं 'आपली प्रकृती कशी आहे' असं विचारलं असतं, तर ते 'बरं हाय' म्हणाले असते. आपल्याकडची माणसं डॉक्टरचं मन मोडत नाहीत. म्हणून गोळ्या किती उरल्या ते विचारा, विहिरीवर जाता का, जिना चढताना थांबावं लागतं का, हे विचारा.

क्षयाच्या कार्यक्रमात ९९डॉट्स आलं. गोळी काढली की पाकिटावर नंबर दिसायचा, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, संगणक म्हणायचा गोळी घेतली. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरच्या रुग्णांची लघवी तपासली तेव्हा कॉल आणि गोळी यांचा मेळ फारसा बसेना. कॉल न देता गोळी घेणारे होते, गोळी न घेता कॉल देणारेही. सरकारी रुग्णालयातून घरी गेल्यावर रुग्णाला 'मेरा अस्पताल'चा फोन येतो, २०१६ पासून. तो समाधानाबद्दल विचारतो, स्वच्छता, वागणूक, खर्च. विचारावंच. पण आमच्या भागात समाधानी रुग्ण मरतानाही समाधानीच असतो.

आणि फोन असतो कुणाचा? जावळी-पाटणच्या आईच्या केस पेपरवर नंबर मुंबईत माथाडी काम करणाऱ्या मुलाचा. त्याला मशीन विचारतं, "तुमचा खोकला कमी झाला असल्यास १ दाबा." त्याला खोकलाच नाही. तो प्रामाणिकपणे १ दाबतो. बीडहून ऊस तोडायला कराड-वाळव्याला आलेली बाई हंगाम संपला, पट्टा पडला की गावी जाते, तिचं रिचार्ज संपलेलं असतं.

निवृत्तीनंतर एका खाजगी रुग्णालयानं मला समितीवर घेतलं. तिथं पाठपुराव्याचं असं एक सॉफ्टवेअर दाखवायला एक चुणचुणीत मुलगा आला होता. पडदाभर हिरवा रंग, गुण आलेल्यांचं प्रमाण डोळे दिपवणारं. मी सवयीनं विचारलं, फोन न उचललेले कुठं आहेत? म्हणाला, "सर, तीन कॉलनंतर ते आपोआप क्लोज होतात." माझ्या त्या वरिष्ठांचं वाक्य यंत्रात जाऊन बसलं होतं, आणि यंत्र चहालाही उठत नाही.

एवढ्यासाठी मी आज आलो. तुम्ही ही यंत्रणा वापराल, वापरलीच पाहिजे, दिवसाला दोनशे रुग्णांचा माग वहीत ठेवता येत नाही. पण जो उत्तर देत नाही, त्याला बरा धरू नका. कुणी धरू लागला तर धरू देऊ नका, मग ते तुमचे सर असोत, कंपनी असो की मंत्रालय. न उचललेला फोन वेगळ्या रकान्यात ठेवा आणि त्या रकान्यातल्या माणसांपैकी थोड्यांकडं तरी, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांकडं, माणूस पाठवा. आशाताईंना गाव माहीत असतं, पण प्रत्येक नवं काम त्यांच्याच डोक्यावर टाकायची आपली खोड आहे, तेव्हा स्वतःही जा. जे सापडतील त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. न सापडलेल्यांची संख्या निकालाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरात छापा.

कुलगुरूंना मी सकाळी सुचवलंय की प्रत्येक इंटर्नला आठवड्यातली एक दुपार या कामाला द्यावी, आणि पेट्रोलचे पैसेही. त्यांनी मान डोलावली. सरकारी नोकरी केलेला माणूस डोलावलेल्या मानेवर विसंबत नाही, म्हणून तसा अर्ज लेखी आणलाय, तो आवक-जावकमध्ये देऊन पोच घेऊनच मी जाणार आहे. आता पदव्या वाटायला घ्या, मागच्या रांगेतली मुलं उन्हात बसलीत.