विहिरीत डोकावताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून बोअर घेतला. नुसता फुफाटा उडाला. हप्ते अजून चालू आहेत. "शेजारच्या विहिरीला पाणी आहे, मग मलाच का नाही?" हा त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

भूशास्त्र याकडे दोन बाजूंनी बघतं. भौतिक भूशास्त्र विचारतं, खडक कसला, तो कसा बनला, आज त्याचं काय होतंय? आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो घट्ट असेल तर पाणी फक्त भेगांतून फिरतं; मुरमात मात्र मुरतं.

ऐतिहासिक भूशास्त्र विचारतं, हे कधी झालं, कशानंतर काय झालं? हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, पण तो एकदम नाही आला. एक थर, मग खंड, मग दुसरा थर. काही ठिकाणी त्या खंडात वरचा भाग झिजून तांबडी माती झाली आणि तिच्यावर पुन्हा लाव्हा पसरला. घाटात कापलेल्या डोंगरात ती तांबडी रेघ दिसते. एसटीत मी आता खिडकीच धरते!

थरांची जाडी सगळीकडे सारखी नसते, भेगाही नसतात. म्हणून शेजारचं पाणी आपल्याकडे येईलच असं नाही.

आता बोअरसाठी कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी आजूबाजूच्या विहिरी बघतो. कुठला थर किती खोल, पाझर कुठून? मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारतो. सध्या दोन अर्ज आलेत. मंगळवारी बॅटरी घेऊन निघतोय.